काळ्या मातीत चुरी मिसळल्याने बागेचे पाणी वाचते का?

प्रश्न : अंगणबाग, मानेवाडा

सर्वांना नमस्कार. आमच्या घरासमोर दहा फूट लांब आणि चार फूट रुंद असा एक वाफा आहे. त्याच्या कडेला मोगरा, जास्वंद आणि एक लिंबाचे झाड असून मधल्या जागेत मी हिवाळ्यात पालक, मेथी आणि सांभार (कोथिंबीर) लावते, तर उन्हाळ्यात वांग्याची काही झाडे असतात. माती मूळचीच काळी, कापसाची आहे. पावसाळ्यात ती इतकी चिकट होते की वाफ्यात पाय टाकता येत नाही, आणि एप्रिलमध्ये तिला अशा भेगा पडतात की त्यांत हाताचे बोट मुळापर्यंत जाते. अशा वेळी पाणी सोडले की सुरुवातीला ते भेगांतून कुठे नाहीसे होते ते कळत नाही, आणि माती फुगून भेगा मिटल्या की तेच पाणी वर तासभर साचून राहते.

नुकतेच कंपाउंडच्या भिंतीचे काम झाले आणि क्रशरवरून आणलेल्या चुरीचा बऱ्यापैकी मोठा ढीग उरला आहे. त्यात ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याच्या दाण्यापर्यंतचे काळ्या दगडाचे तुकडे आहेत आणि बरीचशी भुकटीही आहे. मिस्त्रींनी जाताना सांगितले की ही चुरी वाफ्यात मिसळून टाका, माती भुसभुशीत होईल आणि पाणीही कमी लागेल. शेजारच्या काकूंचे मत नेमके उलटे आहे. त्यांच्या मते चुरीने माती आणखी घट्ट होऊन बसते.

आमच्या घरात सासूबाईंसह पाच माणसे आहेत. नळाला ठरावीक वेळच पाणी येते आणि बोअरचे पाणी जड असून एप्रिल संपता संपता तेही कमी होते. त्यामुळे मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. चुरी मातीत मिसळल्याने खरोखर पाण्याची बचत होते का? होत नसेल तर या ढिगाचा बागेत दुसरा काही उपयोग आहे का? आणि कपडे धुण्याच्या मशीनचे व पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचे वाया जाणारे पाणी या मातीला चालेल का?


उत्तर : वाफसा, धरमपेठ

ताई, मिस्त्री आणि काकू यांच्यात काकूंचे म्हणणे खरे आहे. मात्र त्यामागचे कारण समजून घेतले, तर ढिगाचे काय करायचे हेही त्यातूनच ठरेल.

आपल्याकडच्या काळ्या मातीत चिकणमातीचे प्रमाण फार मोठे असते, बहुधा चाळीस ते साठ टक्क्यांच्या घरात, आणि ती चिकणमाती पाणी प्यायल्यावर फुगणाऱ्या व वाळल्यावर आकसणाऱ्या जातीची आहे. अशा मातीत थोडीशी चुरी मिसळली, तर दगडाचा प्रत्येक कण चिकणमातीत सुटा सुटा अडकून बसतो, त्याच्या भोवतालची सगळी जागा चिकणमाती भरून टाकते आणि पाणी किंवा हवा जायला नवी वाट तयार होतच नाही. वाट तयार होण्यासाठी भरड कण एकमेकांना टेकले पाहिजेत, आणि ते टेकण्यासाठी एकूण मिश्रणात निम्म्याहून अधिक भाग भरड कणांचा असावा लागतो. त्यापेक्षा कमी मिसळले तर माती वाळल्यावर पूर्वीपेक्षा घट्ट आणि खणायला अवघड होते. काकूंनी बहुधा हेच कुठेतरी पाहिले असावे.

आता निम्म्याहून अधिक म्हणजे किती, याचा हिशेब आपल्याच वाफ्यावर करून पाहा. दहा फूट बाय चार फूट जागा एक फूट खोलीपर्यंत सुधारायची म्हटली, तर ती चाळीस घनफूट माती झाली. तिच्यात निम्मी चुरी म्हणजे वीस घनफूट, अर्थात एका ब्रासचा (शंभर घनफुटांचा) पाचवा हिस्सा, आणि वजनात सुमारे नऊशे किलो. तितकीच माती उपसून बाहेरही टाकावी लागेल. एवढे श्रम करून हाती काय येईल, तर निम्मा दगड असलेला वाफा. दगड पाणी धरून ठेवत नाही. काळ्या मातीचा सगळ्यात मोठा गुण हाच की ती पाणी भरपूर साठवते. विदर्भातला शेतकरी पावसाळा संपल्यावर केवळ जमिनीतल्या ओलीवर हरभरा आणि जवस काढत आला आहे, तो याच गुणाच्या बळावर. तो गुण आपण स्वतःच्या हाताने निम्मा करायचा आणि मग मे महिन्यात दिवसातून दोनदा पाणी द्यायचे, यात बचत कुठे आली?

म्हणून आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे आहे की जमिनीतल्या वाफ्यात चुरी मिसळल्याने निचरा सुधारू शकतो, पण प्रमाण फार मोठे ठेवले तरच. पाणी मात्र कोणत्याही प्रमाणात वाचत नाही. निचरा आणि बचत या दोन वेगळ्या गरजा आहेत, आणि बागेविषयीच्या बहुतेक सल्ल्यांमध्ये त्यांची सरमिसळ झालेली असते.

काळ्या मातीला सुधारते ती गोष्ट म्हणजे कुजलेले सेंद्रिय खत. दरवर्षी मृगाच्या आधी दोन इंच जाडीचा चांगला कुजलेल्या शेणखताचा किंवा गांडूळखताचा थर द्यावा आणि पहिल्या पावसानंतर वाफसा आला की तो वरच्या सहा-सात इंचांत मिसळावा. माती ओली असताना खणू नये, कारण तेव्हा कुदळीच्या प्रत्येक घावाबरोबर ती दाबली जाते. पूर्ण वाळल्यावरही खणू नये, कारण तेव्हा नुसती ढेकळे निघतात. मूठभर माती घेऊन वळली आणि बोटाने टोचल्यावर ती फुटली, की खणण्याची वेळ आली असे समजावे. पावसाळ्यात पाणी साचण्याचा त्रास असेल, तर वाफा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा सहा इंच उंच करावा. गादीवाफ्याने जो निचरा मिळतो, तो नऊशे किलो चुरीनेही मिळणार नाही, आणि त्याला खर्च काहीच नाही.

ढिगाचा उपयोग मातीच्या वर होऊ शकतो. उन्हाळ्यात वाफ्यातले पाणी खाली मुरून जितके जाते, त्यापेक्षा वरून उडून अधिक जाते. नागपूरच्या मे महिन्यात उघड्या पाण्याच्या पृष्ठभागावरून दिवसाला दहा मिलिमीटरपेक्षा अधिक बाष्पीभवन होते. आपला वाफा साधारण पावणेचार चौरस मीटरचा आहे, म्हणजे ओली उघडी माती सूर्याला दाखवली तर रोज दोन मोठ्या बादल्यांच्या जवळपास पाणी हवेत जाण्याची तयारी असते. माती वरून वाळत गेली की हा वेग आपोआप कमी होतो, पण आपण रोज पाणी शिंपून ती पुन्हा ओली करतो आणि उडण्यासाठी नवे पाणी पुरवतो. मातीवर दोन इंच आच्छादन असेल, तर ही हानी पुष्कळच घटते, कारण भरड कणांच्या मोकळ्या जागेतून पाणी केशाकर्षणाने वर चढू शकत नाही.

तरीही चुरीचे आच्छादन जसेच्या तसे पसरू नका. तिच्यातली भुकटी पाण्याबरोबर खाली बसून मातीच्या तोंडावर पापुद्रा धरते, म्हणून ती आधी चाळावी. रेती चाळायची तिरपी जाळी मिस्त्रींकडे असतेच. चाळणी कोरड्या चुरीवर करावी. चुरी पाण्याने धुवत बसलो, तर पाणी वाचवण्याच्या नावाखाली टाकी रिकामी होईल. दुसरी गोष्ट खास आपल्या मातीची आहे: उघड्या काळ्या मातीवर खडे पसरले की उन्हाळ्यात भेगा पडून ते भेगांत घरंगळतात, पावसाळ्यात माती फुगून त्यांना गिळते आणि दोन-तीन वर्षांत वरचे आच्छादन आपोआप खाली मिसळून जाते. मग जे करायचे नाही असे ठरवले होते, तेच होऊन बसते. यासाठी भाजीच्या वाफ्यात चुरी वापरूच नये. तिथे गव्हाचे कुटार, धानाची तणस किंवा घरचाच पालापाचोळा उत्तम, जो कुजून मातीचेच भले करतो. चुरीचे आच्छादन लिंबू, जास्वंद, मोगरा अशा कायमच्या झाडांच्या आळ्यात, तेही जुने पोते किंवा जाड सुती कापड खाली अंथरून, घालायला हरकत नाही. खोडापासून चार बोटे जागा मोकळी ठेवावी.


उत्तर : गच्चीवरचा निवडुंग, त्रिमूर्तीनगर

वरच्या उत्तराशी जमिनीपुरता मी सहमत आहे, परंतु कुंड्यांचा विषय त्यात सुटला आहे आणि कुंडीत चुरीचे स्थान निराळे आहे. अडेनियम, निवडुंग, कोरफड, सर्पपर्णी अशा झाडांना मुळांशी ओल टिकलेली सोसत नाही. त्यांच्या कुंडीत मी निम्मी चाळलेली चुरी, पाव भाग माती आणि पाव भाग गांडूळखत घालतो आणि आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या झडीतही ती कुजत नाहीत. उलट मोगरा, गुलाब किंवा भाजीच्या कुंडीत हेच मिश्रण केले, तर एप्रिलपासून सकाळ-संध्याकाळ पाणी घालावे लागेल. प्रत्येक कुंडीला एकच मिश्रण असावे हा आग्रह सोडला की पाण्याचा अर्धा प्रश्न सुटतो.

कुंडीच्या तळाशी गिट्टीचा थर देण्याची पद्धत मात्र मला पटत नाही, जरी प्रत्येक नर्सरीवाला ती सांगतो. बारीक मातीतून पाणी भरड थरात सहज उतरत नाही. वरची माती पूर्ण भिजून पाण्याने गच्च झाल्याशिवाय ते खाली सुटत नाही. त्यामुळे गिट्टीच्या थराने निचरा वाढत नाही, फक्त पाण्याने गच्च राहणारा पट्टा मुळांच्या अधिक जवळ येतो आणि मातीसाठीची जागा कमी होते. छिद्रावर खापराचा एक तुकडा किंवा जाळीचा चौकोन पुरेसा आहे.

काळ्या चुरीच्या आच्छादनाविषयी एक शंका मांडतो. आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि काळा दगड दुपारी हात लावू नये इतका तापतो. गच्चीवरच्या उथळ कुंड्यांत मी तो टाळतो आणि नारळाच्या शेंड्या वापरतो. जमिनीत खोल मुळे असलेल्या झाडांना त्याचा त्रास कमी होतो, हे मान्य आहे.


उत्तर : पाण्याचा हिशेब, प्रतापनगर

मी बांधकामाच्या क्षेत्रातला असल्यामुळे माझा कल साहजिकच नळ, टाकी आणि नालीकडे आहे. ताईंचा तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण बागेत वाचणारे पाणी आणि घरातून वाया जाणारे पाणी यांची तुलना केली तर दुसरे फार मोठे आहे.

शहरी पाणीपुरवठ्याची रचना आपल्या देशात दरडोई दररोज १३५ लिटर हे प्रमाण धरून केली जाते. पाच माणसांच्या घराला त्या हिशेबाने रोज ६७५ लिटर लागतात. यातले प्यायला आणि स्वयंपाकाला लागणारे पाणी अगदी थोडे आहे. उरलेले आंघोळ, कपडे, भांडी, फरशी आणि संडास यांत जाऊन नालीला लागते. नागपूरला हे पाणी मुख्यतः पेंच प्रकल्पातून आणि कन्हान नदीतून येते. २०१९ च्या जुलैमध्ये पाऊस लांबला, पेंचवरच्या तोतलाडोह धरणाचा साठा तळाला गेला आणि शहराला एक दिवसाआड पाणी घ्यावे लागले, हे येथील बहुतेकांना आठवत असेल. तेव्हा बादल्या मोजून वापरणारी घरे पुढच्या वर्षी पुन्हा नळी लावून अंगण धुऊ लागली, ही गोष्ट निराळी.

आता एकेका पाण्याकडे पाहू. पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्रातून एक लिटर पिण्याचे पाणी मिळताना घरगुती यंत्रे साधारण दोन ते तीन लिटर पाणी बाहेर टाकतात. हे पाणी घाण नसते, फक्त त्यात मूळ पाण्यातले क्षार दाटलेले असतात. तीन लिटरमधून एक लिटर शुद्ध निघाले, तर टाकाऊ दोन लिटरमधले क्षार मूळच्या सुमारे दीडपट होतात. नळाचे पाणी मुळात गोडे असेल, तर दीडपट होऊनही ते झाडांना चालते, आणि फरशी पुसायला व भांडी विसळायला तर नक्कीच चालते. पण आपण यंत्राला बोअरचे जड पाणी जोडले असेल, तर तेच टाकाऊ पाणी कुंड्यांत घालू नये, कारण कुंडीत क्षार साठत जातात आणि काही महिन्यांत पानांच्या कडा करपलेल्या दिसतात. विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या साध्या टीडीएस मीटरने दोन्ही पाणी मोजून घ्यावे. येथे एक आगाऊ सल्लाही देतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, आणि राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये त्याखालच्या पाण्याला आरओ यंत्रे वापरण्यास मनाई करावी असे निर्देशही दिले होते. आपल्या नळाच्या पाण्याचा आकडा त्याच्या बराच खाली निघाला, तर आरओचीच गरज तपासून पाहावी; साध्या गाळणीच्या व अतिनील किरणांच्या यंत्रात पाणी वाया जात नाही.

कपडे धुण्याच्या मशीनचे पाणी अधिक जपून वापरायचे आहे. वरून कपडे टाकायचे ऑटोमॅटिक मशीन एका धुण्याला शंभर लिटरच्या आसपास पाणी घेते, समोरून टाकायचे त्याच्या जवळपास निम्मे. पावडरमध्ये सोडियमचे क्षार असतात. सोडियम वाढला की काळ्या मातीचे कण एकमेकांपासून सुटतात, छिद्रे बुजतात आणि वरच्या थरात पाणी मुरेनासे होते. म्हणजे माती ज्या दोषासाठी बदनाम आहे, तोच आपण वाढवतो. म्हणून साबणाचे पहिले पाणी संडासाच्या बादलीत किंवा अंगण धुण्यासाठी घ्यावे आणि विसळण्याचे शेवटचे पाणी तेवढे बागेत सोडावे. तेही पालेभाजीवर न टाकता झाडांच्या आळ्यात, जमिनीलगत, आणि आलटून पालटून साध्या पाण्याबरोबर द्यावे. असे पाणी साठवून ठेवू नये; चोवीस तासांत त्याला वास सुटतो.

चुरीच्या ढिगाचा सर्वांत चांगला उपयोग मला येथेच दिसतो. दोनशे लिटरचा एक जुना प्लॅस्टिकचा ड्रम घ्यावा, तळाशी तोटी बसवावी आणि त्यात खालून वर असे थर द्यावेत: एक वीत जाडीची मोठी गिट्टी, त्यावर तितकीच बारीक गिट्टी, त्यावर चाळलेली चुरी आणि सर्वांत वर फूटभर कन्हानची भरड रेती. रेतीवर मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा ठेवला, तर कपड्यांचे धागे त्यावरच अडकतात आणि जाळी झटकून पुन्हा ठेवता येते. आंघोळीचे आणि विसळण्याचे पाणी या ड्रममधून जाऊ दिले, की मळ, धागे आणि साबणाचा फेस बराचसा थांबतो. प्रवाह मंदावला की वरची दोन बोटे रेती काढून नवी घालावी, सगळा ड्रम उपसण्याची गरज नाही. या गाळणीने विरघळलेले सोडियमचे क्षार मात्र निघत नाहीत, त्यामुळे मशीनच्या पहिल्या पाण्याविषयी वर लिहिले ते ड्रम लावल्यानंतरही लागू आहे. स्वयंपाकघरातले तेलकट पाणीही यात सोडू नये, रेती आठवडाभरात चिकटून बंद पडते.

याच तत्त्वाचे मोठे रूप आपल्याच शहरात विकसित झाले आहे. वर्धा रोडवरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने फायटोरिड नावाची पद्धत तयार केली. तिच्यात गिट्टीच्या हौदात पाणवनस्पती लावून त्यांतून सांडपाणी हळूहळू पुढे नेतात. गिट्टीवर वाढणारे जिवाणू आणि झाडांची मुळे मिळून पाणी शुद्ध करतात. घरच्या पातळीवर एवढा पसारा नको असेल, तर ड्रममधून निघालेले पाणी कर्दळ आणि अळू लावलेल्या छोट्या चरात सोडावे आणि तिथून ते लिंबाच्या आळ्यात न्यावे. दोन्हींना ओल आवडते आणि दोन्ही आपल्या उन्हात सावली असेल तर टिकतात.

कूलरचा विषय कुणी काढला नाही याचे मला नागपूरकर म्हणून आश्चर्य वाटते. मे महिन्याच्या कोरड्या दुपारी मोठा कूलर तासाला दहा लिटरहून अधिक पाणी सहज उडवतो, म्हणजे दहा तास चालला तर शंभर लिटर. दोन कूलर असतील तर ते एका माणसाच्या दिवसाच्या सगळ्या वापराहून अधिक आहे. ते पाणी परत मिळत नाही, पण खिडकीवर पडदा, कूलरवर सावली आणि समोरच्या बाजूला हवा बाहेर जायला वाट ठेवली, तर तोच गारवा कमी वेळात मिळतो. टबमध्ये उरलेल्या पाण्यात क्षार दाटत जातात, म्हणून ते आठवड्यातून एकदा पूर्ण बदलावेच लागते, आणि डास होऊ नयेत म्हणूनही टब एक दिवस कोरडा ठेवणे आवश्यक आहे. हे काढलेले पाणी कुंड्यांऐवजी अंगण धुण्याला वापरावे.


पुन्हा प्रश्न : अंगणबाग, मानेवाडा

तिघांनीही इतके सविस्तर लिहिले याबद्दल मनापासून आभार. काकूंना मी आजच सांगितले, आणि त्या अर्थातच म्हणाल्या की त्यांना हे आधीपासून ठाऊक होते. ड्रमची गाळणी करण्याचे आम्ही ठरवले आहे.

आणखी दोन शंका आहेत. मोगऱ्याच्या आळ्यात काळी चुरी तापेल म्हणून पांढरी संगमरवरी गिट्टी टाकावी असे यजमानांचे म्हणणे आहे. नर्सरीत ती गोण्यांत मिळते आणि दिसतेही छान. ती चालेल का? आणि सासूबाई सांगतात की त्यांच्या माहेरी, काटोलकडे, उन्हाळ्यात रोपाशेजारी मातीचे मडके पुरत असत. त्याने खरेच पाणी कमी लागते, की ती केवळ जुनी पद्धत आहे?


उत्तर : वाफसा, धरमपेठ

संगमरवर टाळावा. तो चुन्याचाच दगड आहे आणि आपली काळी माती आधीच अल्कधर्मी असून तिच्यात ठिकठिकाणी चुनखडीचे खडे असतात. अशा जमिनीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही, नवी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. संत्र्याच्या बागांत हा दोष शेतकरी नेहमी पाहतात. आपला लिंबूही त्याच कुळातला आहे आणि मोगऱ्यालाही तो होतो. संगमरवराच्या खड्यांतून चुना हळूहळू झिरपत राहतो, शिवाय बोअरचे जड पाणी त्यात भर घालते. कोणताही पांढरा खडा आणला, तर त्यावर लिंबाचा रस पिळून पाहावा. बुडबुडे आले तर तो बागेत नको. पांढरी गारगोटी मिळाली तर ती वापरता येईल, कारण तिच्यात चुना नसतो आणि ती तापतेही कमी. ती नसेल, तर काळ्या चुरीवरच मार्च ते जून या काळात कुटाराचा पातळ थर टाकावा. कुटारात उधई (वाळवी) येऊ शकते, म्हणून ते खोडाला टेकू देऊ नये आणि पावसाळ्याच्या आधी गोळा करून खतात टाकावे.

सासूबाईंनी सांगितलेली पद्धत उत्तम आहे. भाजलेल्या पण झिलई नसलेल्या मडक्याच्या भिंतीतून पाणी झिरपते, भोवतालची माती कोरडी असेल तेव्हा अधिक आणि ओली असेल तेव्हा कमी, त्यामुळे झाडाला हवे तेवढेच मिळते आणि वरची माती कोरडी राहून बाष्पीभवन जवळजवळ थांबते. आपल्या वांग्यांसाठी पाच ते सात लिटरची तीन-चार मडकी वाफ्यात गळ्यापर्यंत पुरावीत, तोंडावर झाकण किंवा सपाट दगड ठेवावा म्हणजे डास होणार नाहीत, आणि रोपे मडक्यापासून वीतभर अंतरात लावावीत. नवे मडके घेताना बाहेरून ओलावा फुटतो का हे भरून पाहावे. रंग दिलेली मडकी चालत नाहीत. मडक्यात बोअरचे पाणी भरू नये, त्याच्या क्षाराने भिंतीची छिद्रे बुजतात. नळाचे किंवा पावसाचे साठवलेले पाणी भरावे.


उत्तर : पाण्याचा हिशेब, प्रतापनगर

पावसाच्या पाण्याचा उल्लेख झालाच आहे, तर त्याचाही आकडा पाहा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. नागपूरला वर्षाला हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या काळात. हजार चौरस फुटांची गच्ची सुमारे ९३ चौरस मीटरची होते. वाया जाणारे सोडून ऐंशी टक्के पाणी धरले, तरी ती वर्षाला सत्तर हजार लिटरहून अधिक पाणी देते. हे सगळे साठवणे शक्य नाही, पण उरलेली चुरी आणि गिट्टी शोषखड्ड्यात घालून ते बोअरच्या आसपास जमिनीत मुरवता येते. खड्डा काळ्या मातीतच थांबवू नका, कारण ती ओली झाली की पाणी आत घेत नाही. खाली मुरूम लागेपर्यंत खोदा, मानेवाड्याकडे तो किती खाली आहे हे बोअर खोदणाऱ्याला विचारले तर कळेल. तळाशी मोठी गिट्टी, मध्ये बारीक आणि वर रेती असा ड्रमसारखाच क्रम ठेवावा. गच्चीवरचे पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी बाहेर सोडून द्यावे, त्यात धूळ आणि पक्ष्यांची घाण असते. त्यासाठी खाली येणाऱ्या पाइपला एक जोड काढून झाकण लावून घ्यावे. साबणाचे पाणी या खड्ड्यात कधीही जाऊ देऊ नये, कारण तेच पुढे बोअरमधून वर येईल.